कुमुद

सित्र्याच्या ऑफिसात एसीचं पाणी बादलीत पडतं
आणि मी समुद्राचे प्लॉट पाडतो.
वाळू अजून आलेली नाही.
ड्रेजर दूर उभा आहे,
टाचेत काटा गेलेल्या माणसासारखा एका अंगावर कललेला,
पण नंबर आलेत.
भूमी अभिलेखात अठरा वर्षं साखळी ओढली,
पाण्याचा गट नंबर तिथे कुणी मागितला नव्हता.

शेजारच्या टेबलावर इद्वल प्रॉसर. वेल्सचा.
वय चौसष्ट, डबा रोज तोच: चीज आणि कच्चा कांदा.
जेवणाच्या सुट्टीत तो एक वेगळाच नकाशा उघडतो,
आठशे वर्षांपूर्वीचा मुलूख,
आता कुठल्याच सरकारी दप्तरात न बसणारा.

"हा आमचा कुमुद," म्हणाला.
मी म्हटलं, कुमुद माझी मावशी.
तेव्हा त्यानं पाकिटाच्या पाठीवर लिहून दाखवला शब्द,
माझ्या डोळ्यांना एकही स्वर न दिसणारा.
वाचायचा मात्र कुमुदच.

चार एकरांचा एक उंबरा,
चार उंबऱ्यांचा एक वाटा,
असा चाराच्या पाढ्यानं चढत जाणारा देश.
पन्नास गावांचा कुमुद, दोन कुमुदांचा कँत्रेव.
पन्नासातली दोन राजाची:
एक त्याच्या ताटासाठी,
एक त्याच्या गुरांच्या उन्हाळ्यासाठी.
"मोजून पन्नास?"
"कायद्यात पन्नास. डोंगरात असतील तेवढी."
हे मला लगेच पटलं.
आमच्याकडे चौऱ्याऐंशीच्या परगण्यात
चौऱ्याऐंशी खेडी कधी कुणी मोजून दिली?

मग मीही माझं काढलं.
मौजे आंबर्डे, तर्फ खारेपाटण.
तर्फ गेली, कर्यात गेली, पेटा गेला, महाल गेला,
जुन्या खतांत तेवढी राहिली,
वाळवी ज्या ओळी सोडते त्यांत.

त्याच्या नकाशावर जोड्या होत्या,
एकाच नावाला पुढे ईस, दुसऱ्याला यूख.
खालचं नि वरचं.
"खुर्द आणि बुद्रुक!" मी खूश.
"नाही रे," तो म्हणाला,
"उंचीशी संबंध नाही. दरबार जिथे, त्याच्या अलीकडचं ते ईस,
नदी किंवा रान ओलांडून पलीकडचं ते यूख.
चढउतार शोधत बसतात लोक.
आधी विचारावं, नाव ठेवणारा कुठे बसला होता."

बुधवारी हाजी मक्की आले, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन.
त्यांच्या आजोबांची हद्रा,
खजुराच्या झावळ्यांचं कुंपण, ओहोटीला मासे अडवणारं.
चतुःसीमा लिहिलेली:
पूर्वेस यूसुफच्या वारसांची हद्रा,
पश्चिमेस गोड्या पाण्याचा झरा,
उत्तरेस समुद्र,
दक्षिणेस समुद्र.
झरा समुद्रातच. पखालीनं पाणी भरायचे म्हणे, बुडी मारून.

मी जागा लावून पाहिली.
प्लॉट अकराशे सत्तेचाळीस, वाहनतळ.
झऱ्यासाठी रकाना नव्हता.
इद्वलनं उठून त्यांना आपली खुर्ची दिली,
आणि बोलता बोलता मी तर्फ म्हणालो.
"तरफ?" हाजी पहिल्यांदा हसले. "वो तो हमारा लफ्ज है. बाजू."
कुणाची बाजू, ते त्यांनी विचारलं नाही.
कागद परत पिशवीत, पिशवीला दोन गाठी.

मार्चात इद्वलचा करार संपला.
कांद्याचा वास आठवडाभर राहिला,
आणि माझ्या मशीनवर एक फाइल: कुमुद.
काल उघडली.
प्रोजेक्शन चुकलेलं असावं.
पन्नासच्या पन्नास गावं, राजाच्या दोन्हींसकट,
धडाधड आमच्या पाण्यात येऊन पडली,
झऱ्याच्या थोडी अलीकडे.

म्हणजे माझ्या खुर्चीवरून अलीकडे.

दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली असती.
बादली भरत आली होती. ती ओतून आलो
आणि तसंच सेव्ह केलं.